तिसऱ्या नळीत काय होते

"बिराजदार सर फार भाबडे होते. आपले चुंबक पाण्याशी बोलते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. विद्यापीठाच्या समितीसमोर मी तीन नळ्या भरून दिल्या, तेव्हा काठोकाठ भरलेली तिसरी नळी यंत्रात घालून 'यातून काही येत नाही' असे ते म्हणाले. यंत्र फसवे आहे हे त्या दिवशी सिद्ध झाले. अर्थात आम्ही कोणीही त्यांना दुखावले नाही."

आमच्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हे छापून आले आहे. लिहिणारे प्राध्यापक वैशंपायन, म्हणजे भौतिकशास्त्राचे त्या वेळचे विभागप्रमुख. त्यांच्या भाषेविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या पाच वाक्यांपैकी तिसरे अक्षरशः खरे आहे. उरलेली चार खोडून काढावीत एवढ्यासाठी मी या वयात लेखणी उचलली आहे.

आणखी एक आवृत्ती गावात फिरते, तिचाही निकाल आधीच लावून टाकतो. सरांच्या एका भक्त विद्यार्थ्याने जाहीर भाषणात सांगितले की एमआरआयचा शोध सोलापुरात लागला होता आणि गोऱ्या लोकांनी तो पळवला. हे ऐकून सर पोट धरून हसले असते. ज्या गुणावर ते यंत्र चालते तो परदेशात दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सापडला होता, आणि सर वर्गात पहिल्याच तासाला तसे सांगत. त्यांनी काहीही शोधले नाही. जे इतरांनी शोधले होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहिले. या दोन गोष्टींतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी सरांविषयी बोलू नये.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी त्याच महाविद्यालयात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. सर भौतिकशास्त्र शिकवत; त्यांची खोली आमच्या प्रयोगशाळेला लागून. मी बार्शीचा, म्हणून मी त्यांचा 'बार्शीकर'. माझे खरे आडनाव त्यांना ठाऊक होते की नाही, याची मला आजही खात्री नाही.

सर अक्कलकोट तालुक्यातले. घरात कानडी, वर्गात मराठी, आणि एखादा स्क्रू हातातून निसटला की पुन्हा कानडी. उंच, सडपातळ, सायकलवर बसले की गुडघे हँडलच्या वर येत. त्यांच्या अंगावर लोखंडाचा कण नसे. किल्ल्या पितळेच्या, डबा ॲल्युमिनियमचा, कंगवा लाकडी, चपला हाताने शिवलेल्या. सदऱ्याच्या खिशात मात्र एक छोटे होकायंत्र कायम असे, आणि ते वापरण्याची त्यांना अनावर हौस होती. माझ्या लग्नानंतर ते आमच्या घरी आले, पाट मांडला तिथे बसले, होकायंत्र काढले आणि नव्या नवरीला म्हणाले, "वहिनी, तुमच्या ह्या भिंतीत लोखंडी गज आहे बघा, बरोब्बर देवघराच्या मागं." पुढे कधीतरी खुंटीसाठी भिंत फोडली, तेव्हा गज निघाला. आमच्या सौभाग्यवतींच्या लेखी सर तेव्हापासून सिद्धपुरुष झाले.

त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर लाकडी खुंट्यांची एक रांग होती. आत जाणाऱ्याने मनगटी घड्याळ तिथे अडकवायचे, हा नियम. विद्यार्थी पाळत, शिपाई पाळे, प्राचार्यही पाळत. एकदा वैशंपायन घाईने आत आले.

"अहो बिराजदार, वेळापत्रकाचं काय केलंत?"

"सर, घड्याळ."

"दोन मिनिटांचं काम आहे हो."

ते बोलत बोलत चुंबकावर हात टेकून उभे राहिले. दोन मिनिटांची दहा झाली. बाहेर पडताना त्यांनी मनगट पाहिले, कानाला लावले, पुन्हा पाहिले. ते घड्याळ सासुरवाडीहून आलेले होते. सर अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "थांबलं का? म्हणजे आता तुम्हाला घाई न्हाई. बसा की, चहा मागवतो."

पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ या घड्याळात आहे, असा माझा दावा नाही. मी फक्त घडले ते नोंदवत आहे.

आता त्या चुंबकाविषयी. दोन जाड लोखंडी ठोकळे समोरासमोर, मध्ये चार बोटांची फट, आणि दोन्ही ठोकळ्यांभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेतून वीज सोडली की फटीत चुंबकाचा जोर येतो. तो जोर फटीभर एकसारखा हवा. इकडे जास्त, तिकडे कमी असे चालत नाही. सरांनी पहिली गुंडाळी स्वतः केली. वेढ्यांवर वेढे चढले, मध्येच पोट आले, आणि जोर एका अंगाला झुकला. दुसऱ्यांदा केली, तेच झाले.

सर साखरपेठेत राहत. समोरच्या विणकराच्या घरात राजव्वा नावाची पद्मशाली बाई मागासाठी कांड्या भरत असे, म्हणजे नळकांड्यांवर सूत गुंडाळत असे. चरखा फिरतो आहे, सूत बोटांतून सरकते आहे, आणि ही शेजारणीशी तेलुगूत भांडते आहे. तरी कांडी उतरली की टोकापासून टोकापर्यंत एकसारखी. सर एका रविवारी तारेचे रीळ घेऊन तिच्या दारात उभे राहिले. मी सोबत होतो.

"राजव्वा, एवढं भरून द्यायचं."

तिने तार दोन बोटांत धरली. "सार, ह्ये सूत न्हाय. तांबं हाय की."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो. मला जमंना."

"तुमी कालिजात शिकिवताव अन् तुमाला जमंना?"

"न्हाई जमत."

या उत्तरावर ती खूश झाली. तिच्या नवऱ्याने चरख्याला मोठी लाकडी फिरकी बसवून दिली. चार रविवार ती तार भरत होती. तोंडाने मोजत नसे. चरख्याचा आवाज बदलला की थांबे. तिसऱ्या रविवारी तिने तार मध्येच धरली आणि म्हणाली, "हितं खरखरतंय." सरांनी भिंग लावून पाहिले. तारेवरचे लाखेचे आवरण तेवढ्याच जागी खरवडले होते. ते तसेच आत गेले असते, तर वेढे आपसात चिकटून गुंडाळी जळाली असती. सरांनी मला भिंग दिले आणि म्हणाले, "बार्शीकर, हिच्या बोटांना डॉक्टरेट द्यायला पायजे."

काम झाल्यावर राजव्वाने विचारले, "ह्यानं दिसतंय काय सार?"

सरांनी तिच्या नातवाचा भोवरा मागून घेतला आणि ओसरीवर फिरवला. वेग कमी होऊ लागला तसा भोवरा फिरता फिरता डोलू लागला. "बघ. पाण्यात हायड्रोजन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या प्रत्येक कणात असला एक भोवरा आहे, आणि तो भोवरा म्हणजे इवलंसं चुंबक. माझ्या मोठ्या चुंबकात धरला की असा डोलतो. चुंबकाचा जोर जेवढा, डोलण्याचा ठेका तेवढा ठरलेला. मग मी त्याच ठेक्यानं रेडिओची लहर सोडतो. ठेका जुळला तर भोवरे ती लहर पितात, माझ्या पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. न्हाई जुळला तर काही न्हाई."

राजव्वा म्हणाली, "मागावर बी तसंच की. पाय अन् हात एका ठेक्यात पडलं तर धोटा पळतंय. न्हाय तर भाईर पडतंय."

त्या वर्षापासून सरांच्या अनुनादावरच्या, म्हणजे ठेका जुळण्यावरच्या व्याख्यानात पाळण्याचा दाखला गेला आणि मागाचा आला. आमच्या वर्गातली निम्मी मुले विणकरांची; त्यांना ते पाठ करावे लागले नाही.

गुंडाळी उत्तम झाली, तरी सहा महिने रेघेला काही उंचवटा येईना. नमुना म्हणून सर साधे पाणी घेत, आणि ते पाणी मी पुरवत असे: दोनदा ऊर्ध्वपातन केलेले. त्या पाण्याचा मला अभिमान होता. सर रोज नळी लावत, रेडिओच्या लहरीची चकती सावकाश फिरवत, सपाट हिरव्या रेघेकडे पाहत आणि नळी धुऊन ठेवत. वैतागले असे कधी दिसले नाहीत. "आज न्हाई आलं," एवढेच म्हणत. पाहुणा ठरल्या गाडीने आला नाही तर म्हणावे तसे.

एके दिवशी एक जुने पुस्तक काखेत घेऊन आले. "बार्शीकर, दोष माझा न्हाई. तुमचं पाणी फार सोवळं आहे."

मी दुखावलो. ते समजावू लागले. भोवऱ्यांनी लहर प्यायली की ते थकून आडवे होतात. स्वच्छ पाण्यात त्यांना पुन्हा सावरून उभे राहायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि तोवर पुढची लहर येऊन आदळते. मग पिणार कोण? पाण्यात थोडा मोरचूद टाकला, तर त्याच्या संगतीने ते चटकन उठतात. मोरचूद म्हणजे शेतकरी फवारणीला वापरतात तोच निळा खडा. मी माझ्या कपाटातून चिमूटभर दिला. पाणी निळसर झाले. सरांनी नळी लावली, चकती फिरवली, आणि हिरव्या रेघेच्या मध्यावर एक उंचवटा उभा राहिला. त्याच्या शेपटाला लहान लहान लाटा.

मी ओरडणार होतो. सरांनी यंत्र बंद केले, चपला घातल्या आणि मला घेऊन चहाला गेले. चहा पिताना मुळ्याच्या शेतीविषयी बोलले. परत आल्यावर नळी काढून यंत्र लावले: रेघ सपाट. नळी घातली: उंचवटा. काढली: सपाट. हे त्यांनी अकरा वेळा केले. मग म्हणाले, "एकदा दिसतो तो पाहुणा. बोलावल्यावर येतो तो घरचा."

वैशंपायनांचे म्हणणे असे की तो उंचवटा म्हणजे आसपासच्या यंत्रमागांच्या मोटारींचा विजेचा गोंगाट. नळी काढल्यावर जाणारा आणि घातल्यावर येणारा असा आज्ञाधारक गोंगाट मी तरी सोलापुरात पाहिलेला नाही.

पुढे परदेशी नियतकालिकाचा एक अंक नेहमीप्रमाणे बऱ्याच महिन्यांनी ग्रंथालयात आला. तो वाचून सर माझ्या टेबलाजवळ आले आणि बराच वेळ हसत राहिले. "इतकी वर्षं मी चुंबकाचा जोर एकसारखा करायला मरतोय. आणि ही माणसं तो मुद्दाम एका बाजूला चढता ठेवतात." त्यांनी लगेच एका ठोकळ्याखाली पुठ्ठ्याची पाचर सरकवली. फट एका अंगाला किंचित अरुंद झाली, म्हणजे तिकडे जोर जास्त. मग निळ्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. आता दोन्हीकडचा जोर वेगळा, म्हणून दोन्हीकडचा ठेका वेगळा. रेघेवर दोन उंचवटे आले. एक नळी थोडी दूर सरकवली, तसा एक उंचवटाही दूर सरकला.

"कळलं का, बार्शीकर? आत न बघता सांगता येतं, पाणी कुठं आहे. नळीच्या जागी माणूस ठेवला तर? माणूस म्हणजे बहुतेक पाणीच की."

आज दवाखान्यात माणसाला बोगद्यात सरकवतात आणि त्याच्या मेंदूचे चित्र काढतात, त्याचे सार एवढेच आहे. ते मला एका पुठ्ठ्याच्या पाचरीने समजले. म्हणून मी म्हणतो, सर भाबडे नव्हते. भाबडा मनुष्य अकरा वेळा नळी काढून पाहत नाही.

आता समिती. पदव्युत्तर वर्गाला मान्यता द्यावी की नाही हे ठरवायला विद्यापीठाचे तीन सदस्य आले: एक गणिताचे, एक भूगोलाचे, एक प्रशासकीय अधिकारी. भौतिकशास्त्राचे सदस्य आजारी म्हणून आले नाहीत. मान्यतेचे काही होवो, सरांचा प्रश्न साधा होता. जागा कमी पडत होती, आणि त्यांची खोली प्रयोगासाठी ठेवावी की कवायतीचे सामान ठेवायला द्यावी, याचीही शिफारस ही समिती करणार होती. खोली गेली तर चुंबक भंगारात, हे वैशंपायनांनी आधीच बोलून दाखवले होते.

सरांनी निळे पाणी दाखवले, दोन उंचवटे दाखवले. गणिताचे सदस्य पुढे वाकून पाहू लागले. तेव्हा वैशंपायन म्हणाले, "आपण एक निःपक्ष चाचणी घेऊ. मी तीन नळ्या काळ्या कागदात गुंडाळून आणतो. कशात काय आहे, ते यंत्राने सांगावं."

सर म्हणाले, "नळीत काय आहे ते यंत्र सांगत न्हाई. हायड्रोजन आहे का, एवढंच सांगतं."

"तेच ते."

"तेच ते न्हाई," सर म्हणाले. पण वैशंपायन निघून गेले होते.

नळ्या आल्या. पहिल्या नळीला सरांनी उंचवटा दाखवला. ते निळे पाणी होते. दुसरीलाही दाखवला, चांगला ठसठशीत. ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातले करडईचे तेल होते. तेलात हायड्रोजन भरपूर. तिसरी नळी सरांनी हातात घेतली, जरा तोलून पाहिली, आणि यंत्रात घातली. रेघ सपाट. चकती पुढे नेली, मागे नेली. सपाट. सरांनी नळी तीनदा काढली, तीनदा घातली. "यातून काही येत न्हाई."

वैशंपायनांनी कागद सोडला. नळी काठोकाठ भरलेली होती, स्वच्छ, पारदर्शक. प्रशासकीय अधिकारी हसले. भूगोलाचे सदस्य हसले. गणिताच्या सदस्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडले होते. पण शेंगांची चटणी आणि कडक भाकरी वाढून झाली आहे, असा निरोप आला आणि समिती उठली. शिफारस जेवणानंतर लिहिली गेली: खोली कवायतीच्या सामानाला.

हे सगळे मला त्याच दिवशी शिपायाने सांगितले, कारण डेमॉन्स्ट्रेटरला समितीसमोर प्रवेश नव्हता. मी धावत सरांच्या खोलीत गेलो. ते शांतपणे तारा सोडवत होते.

"सर, तिसऱ्या नळीत काय होतं, ते मला माहीत आहे." मी नाव सांगितले, आणि ती बाटली कोणी कुठून नेली तेही.

"मलाही अंदाज आला. हातात जड लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. काही येत न्हाई म्हणालो. बरोबर उत्तर दिल्यावर आणखी काय बोलायचं असतं?"

"मी जाऊन सांगतो वैशंपायनांना. समितीलाही सांगतो."

सरांनी पक्कड खाली ठेवली. "बार्शीकर, तुम्ही अजून कायम न्हाई. आणि एक गोष्ट आहे. बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली. एक ना एक दिवस ते आपणहून त्या बाटलीवरचं नाव वाचतील. त्या दिवशी त्यांना जी मजा येईल, ती आपण का हिरावायची?" आणि माझ्याकडून त्यांनी शब्द घेतला.

चुंबक भंगारात गेले नाही. राजव्वाच्या नवऱ्याने हातगाडी आणली आणि ते त्यांच्या मागाच्या खोपटात गेले. मागांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिथे सर असत, आणि महाविद्यालयाच्या वर्गात कधी न दिसणारी गर्दी असे. दारावर घड्याळांसाठी खुंट्या ठोकल्या होत्या, आणि नियम राजव्वा पाळायला लावी. "घड्याळ काडा आदी. मंग इद्या." सर तिथे काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळ्या घेऊन बसत आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत, "तुम्ही भरा. मी ओळखतो." पुढे मी सोलापूर सोडले. मला शेवटचे दिसलेले सर असे: एका हाताने मागाच्या खांबाला टेकलेले, दुसऱ्या हाताची करंगळी, नळी ज्यात घालत त्या तारेच्या वेटोळ्यात घातलेली, पडद्यावर स्वतःच्या करंगळीचा उंचवटा, आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. "बघा, मी पण येतो," ते मुलांना सांगत होते.

सर आता नाहीत. शब्द मी चाळीस वर्षांहून अधिक पाळला. वैशंपायनांना बाटलीवरचे नाव वाचायला तेवढा अवधी पुरेसा होता. त्यांनी ते वाचले नाही, आणि आता छापून मोकळे झाले. तेव्हा मीही मोकळा झालो.

त्या दिवशी सकाळी ते आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा मी मुलांच्या ब्युरेट तपासत होतो. त्यांनी कपाट उघडले, दुसऱ्या फळीवरून एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हे पाण्यासारखं दिसतंय. चालेल." मी बाटली पाहिली आणि मनातल्या मनात त्यांना दाद दिली. मला वाटले, या गृहस्थांनी सरांची परीक्षा घेण्यासाठी नेमका हवा तोच द्रव जाणूनबुजून निवडला आहे. त्यांनी नुसता रंग पाहिला होता, हे मला नंतर कळले. बाटलीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. तिच्यावर लिहिले होते: कार्बन टेट्राक्लोराइड. त्याच्या रेणूत कार्बनचा एक अणू असतो आणि क्लोरीनचे चार. हायड्रोजनचा एकही नसतो.